वांग्याच्या कुळातलं एक पान

परतीच्या आदल्या दिवशी दुपारी बॅग भरत होते. साड्यांच्या घडीत डायरी सरकवताना तिच्यातून एक वाळलेलं पान निसटलं आणि गालिच्यावर पडलं. बोटभर लांब, राखाडी-रुपेरी, मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंनी जाडसर फुगलेलं, जसं कुणी ओलं असताना मुठीत दाबून तसंच वाळू दिलं असावं. उचलायला वाकले आणि हात मध्येच थांबला. पाच आठवड्यांपूर्वी ते पान मीच डायरीत ठेवलं होतं, भावाला दाखवायचं म्हणून. दुसऱ्या दिवशी ते माझ्याबरोबर विमानात बसलं असतं, मुंबईला उतरलं असतं आणि रात्रीच्या गाडीनं जळगावला, थेट वांग्यांच्या मुलखात पोचलं असतं. त्या पानात काय आहे हे मधल्या काळात मला पुरतं कळलं होतं. आणि तरी ते माझ्या सामानात होतं.

मुलगा टेक्सासात लबकला असतो. मे महिन्यात त्याच्याकडे गेले तेव्हा विमानाच्या खिडकीतूनच ओळखीचं काहीतरी दिसलं होतं: क्षितिजापर्यंत सपाट, झाडाझुडपाविना पडलेली शेतं, नांगरून पेरणीसाठी तयार केलेली. कापसाचा प्रदेश. माझं सगळं बालपण कापसात गेलं, त्यामुळे एवढ्या लांब येऊनही परकेपणा वाटेना. फरक मातीचा. आमची काळी, पावसाळ्यात चप्पल ओढून घेणारी. तिथली तांबूस, वाळूसारखी हलकी. वारा सुटला की ती घराच्या फटींतून आत येते, ओट्यावर बसते, दातांत करकरते. पाऊस बेताचाच, आपल्या अवर्षणाच्या पट्ट्यासारखा. तिथले शेतकरीही मे महिन्यात आभाळाकडे बघत उभे असतात. ते चित्र बघून मला अण्णांची धूळपेरणी आठवली आणि उगाचच त्या अनोळखी माणसांसाठी पाऊस मागावासा वाटला.

रोज सकाळी फिरायला जायचे, तर कॉलनी संपते तिथे एक चर होता आणि पलीकडे शेत. चराच्या काठानं गुडघ्याएवढी झुडपं उगवली होती. रुपेरी पानं, देठांवर बारीक लालसर काटे. एके दिवशी त्यांच्यावर जांभळी फुलं दिसली आणि मी रस्त्यातच थांबले. पाच टोकांची चांदणी, मधोमध पिवळे केसर. हे वांग्याचं फूल. आकार तोच, केसर तेच, फक्त जांभळा थोडा गडद. गेल्या वर्षीची सुकलेली पिवळी फळं अजून काही फांद्यांना लटकत होती, रिंगणीच्या फळांसारखी. लहानपणी खोकल्यासाठी आजी काटेरिंगणी आणायला पाठवायची, ती अशीच बांधावर असायची. तिकडे त्याला सिल्व्हरलीफ नाइटशेड म्हणतात. मी मनात रुपेरी रिंगणी म्हणायला लागले. त्यातल्या एका झुडपाची पानं वेडीवाकडी फुगली होती. मला वाटलं, चुरडामुरडा झाला असेल, मिरचीला होतो तसा. वेगळं दिसलं म्हणून एक पान तोडलं आणि डायरीत ठेवलं.

रविवारी मुलाकडे त्याची एक मैत्रीण जेवायला आली. परभणीची मुलगी, तिथल्या कृषी विद्यापीठात शिकून आता इकडे वनस्पतिरोगशास्त्रात संशोधन करणारी. मी तिला चराकाठच्या झुडपाबद्दल सांगितलं. तिनं हातातली पोळी ताटात ठेवली. "काकू, तो चुरडामुरडा नाही. तो निमॅटोड आहे. पानात राहणारा."

निमॅटोड! म्हणजे सूत्रकृमी, नुसत्या डोळ्यांना न दिसणारा धाग्यासारखा बारीक किडा. हा शब्द आमच्या घरात एके काळी कुणाच्या मयताची बातमी सांगावी तशा आवाजात उच्चारला जायचा.

मी नववीत होते. अण्णांनी विहिरीजवळच्या अर्ध्या एकरात भरताची वांगी लावली होती. रोपं लागली, महिनाभर बरी वाढली आणि मग जागच्या जागी खुंटली. सकाळी टवटवीत, दुपारी बाराला माना टाकलेल्या, संध्याकाळी पुन्हा उभी. पाणी कमी पडतंय म्हणून अण्णा पाणी देत राहिले. शेवटी एक दिवस त्यांनी कुदळीनं एक झाड मुळासकट काढलं, विहिरीच्या थारोळ्यात मुळं धुतली आणि आम्हा भावंडांना बोलावलं. मुळांना गाठीच गाठी. कुणी दोऱ्यात साबुदाणा ओवावा तशा, काही हरभऱ्याएवढ्या. अण्णांनी नखानं एक गाठ फोडली, आत काहीच दिसलं नाही. न दिसणाऱ्या गोष्टीनं अर्धा एकर खाल्ला होता. पुढे कृषी सहायकानं सूत्रकृमी हे नाव सांगितलं, निंबोळी पेंड टाका म्हणाला, झेंडू लावा म्हणाला. अण्णांनी दोन्ही केलं. त्या वर्षी आमच्या शेतात दसऱ्याला इतका झेंडू झाला की माय दारोदार वाटत फिरली, पण वांगं एक आलं नाही. तेव्हापासून रोप लावण्याआधी प्रत्येक जुडीतली दोन-तीन रोपं पाण्यात खंगाळून त्यांची मुळं उन्हात धरून बघायची, ही अण्णांची सवय झाली. ते गेल्यावर ती भावानं उचलली.

म्हणून त्या मुलीनं पुढे जे सांगितलं ते गळ्याखाली उतरायला वेळ लागला. हा पानातला निमॅटोड शेतकऱ्याच्या बाजूचा आहे, ती म्हणाली. ती रुपेरी रिंगणी कापसाची वैरी. तिची मुळं दोन-दोन मीटर खाली जातात, कापसाच्या वाटचं पाणी पितात. नांगर घातला की मुळांचे तुकडे होतात आणि एखाद-दोन सेंटिमीटरचा तुकडासुद्धा पुन्हा फुटतो, म्हणजे नांगरणं हे लावण्यासारखंच. लव्हाळा आणि हरळीशी लढलेल्या कुणालाही हे समजावून सांगावं लागणार नाही. अशा झुडपाला आतून खच्ची करणारा हा सूत्रकृमी 1934 मध्ये थॉर्न नावाच्या शास्त्रज्ञानं शास्त्राच्या वहीत नोंदवला. मग 1970च्या दशकात इथेच, लबकमध्ये, कॅल्व्हिन ऑर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या मनात आलं की जो जीव आपण होऊन तण मारतोय, त्याला हाताशी धरून बघावं. त्या सूत्रकृमीच्या वंशाला पुढे 'ओरिना' असं नाव मिळालं, ते याच ऑर यांच्यावरून.

दोन दिवसांनी ती मला प्रयोगशाळेत घेऊन गेली. काचेच्या बशीत पाण्याचे काही थेंब, त्यात वाळक्या पानाचा एक बारका तुकडा. आदल्या संध्याकाळी भिजत घातलेला. सूक्ष्मदर्शकात डोळा घातला तर आधी नुसतं धुकं दिसलं, आणि तिनं चाक किंचित फिरवलं तसा तो तळ जिवंत झाला. पारदर्शक, केसाहून बारीक, टोकाला निमुळते. काही सरळ काडीसारखे पडलेले, काहींना नुकतीच जाग येत होती: आधी एक टोक हलायचं, मग अंगातून सावकाश एक लाट जायची, मग पुन्हा स्तब्ध. शेजारचा एक मात्र पुरता जागा होऊन पानाच्या कडेशी वळवळत होता. लांबी मिलिमीटरभरही नाही. "हे पान किती दिवसांचं?" मी विचारलं. "मागच्या वर्षीचं, काकू. कपाटात कोरडं ठेवलं होतं."

मी पुन्हा डोळा लावला आणि बराच वेळ काढला नाही. अण्णांनी नखानं फोडलेल्या गाठीत आम्हाला जे दिसलं नव्हतं त्याचा हा लांबचा भाऊबंद. मला किळस यायला हवी होती, आणि थोडी आलीही. पण वर्षभर पाण्यावाचून, अन्नावाचून, वाळक्या पाचोळ्यात कोरडं होऊन पडून राहायचं आणि एका थेंबावर परत यायचं, हे बघताना किळस टिकत नाही. दुष्काळी गावातल्या माणसाला तर नाहीच टिकत.

त्याचं जगणं सगळं पावसावर टांगलेलं आहे. गाठी धरलेली पानं झडतात आणि जमिनीवर पडून वाळतात. एकेका पानात हजारोंनी पिल्लं झोपलेली. वसंतात पाऊस झाला, माती ओली आणि गार राहिली, की ती बाहेर येतात आणि जमिनीतून नुकत्याच वर येणाऱ्या कोंबाला गाठतात. खोडावर पाण्याचा जो पातळ पापुद्रा असतो त्यातून वर चढतात, कोवळ्या कळीत शिरतात, आणि पान उमलतं तेच गाठी घेऊन. पापुद्रा सुकला तर वाट बंद. ऑर यांच्या प्रयोगांत अशी वाळकी पानं गोळा करून तणाच्या रानात विखुरली गेली, आणि जिथे पाऊस साथीला होता तिथे रिंगणीची संख्याही घटली आणि अंगही. ना यंत्र, ना विषारी फवारा. पाचोळा पसरायचा आणि आभाळाकडे बघायचं. हे ऐकताना मला फार आनंद झाला होता, तो लपवत नाही. आमच्याकडे तणनाशक पाठीवर घेऊन दिवसभर सरीतून चालणारी, रात्री डोळे चोळत बसणारी माणसं मी पाहिली आहेत.

मग मी अगदी घरगुती प्रश्न विचारला. फूल वांग्यासारखं आहे, तर हा वांग्यावर जात नाही का?

ती थोडी थांबली. जातो, म्हणाली. फार नाही, पण जातो. ज्या ज्या शास्त्रज्ञानं या सूत्रकृमीला हात लावला त्याच्यापुढे वांगं येऊन उभं राहिलं आहे, कारण वांगं आणि रिंगणी दोघं एकाच कुळातली, एवढंच नव्हे तर एकाच वंशातली, सोलॅनम. टेक्सासमध्ये रिंगणीही मूळची आणि निमॅटोडही मूळचा, तिथे नवीन काही सोडायचं नव्हतं. असलेल्यालाच बळ द्यायचं होतं. खरी गरज होती ती लांबच्या देशांना, जिथे ही रिंगणी बी आणि गवताच्या भाऱ्यांबरोबर पोचली आणि तिला रोखणारं सहसा कुणी मागून आलं नाही. दक्षिण आफ्रिकेत तिला सैतानाचं झुडूप म्हणतात. ऑस्ट्रेलियात विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच शिरली आणि गहू-मेंढ्यांच्या मुलखात पसरली. आपल्याकडे तमिळनाडूतही ती आहे. ऑस्ट्रेलियात या सूत्रकृमीचा विचार झाला, पण वांगं आणि तिथल्या मातीतल्या सोलॅनमच्या इतर जाती यांच्या काळजीपोटी तो शेतात उतरला नाही. दक्षिण आफ्रिकेनं 1992 मध्ये पानं खाणारे दोन भुंगेरे सोडले, तेही प्रयोगशाळेत वांग्याची पानं खात होते. तिथे वांगं हे लहानसं पीक, तेवढा धोका पत्करू, असं ठरलं. एका भुंगेऱ्यानं पुढे चांगलं कामही केलं.

वांगं हे लहानसं पीक! हे वाक्य मी त्या रात्री अंथरुणात पडून कितीदा तरी मनात फिरवलं. ज्यांनी तो निर्णय घेतला त्यांच्या देशात ते खरंच असेल. पण हेच माप जळगावात लावून बघा. आमच्याकडे हिवाळा लागला की यावलकडची, बामणोदची हिरवी, मोठाली, कमी बियांची वांगी बाजारात येतात. त्यांना 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे, पण मानांकनाआधी शेकडो वर्षं ती आमची आहेतच. शेतात कपाशीच्या वाळक्या काड्या पेटवून त्यांच्या धगीत वांगी भाजायची. साल काळी होऊन तडकते, आतला रस निखाऱ्यावर पडून चर्र वाजतो, आणि तो वास कपड्यांत दोन दिवस राहतो. लाकडी बडगीत ती हिरव्या मिरच्यांबरोबर ठेचायची, वर कांद्याची पात, शेंगदाणे, तेल. शेजारी कळण्याची भाकरी. वांग्याचं मूळ घरही याच उपखंडाच्या बाजूला. या जमिनीवर वांगं सहज म्हणून बाजूला ठेवता येणारी गोष्ट नाही. दक्षिण आफ्रिकेत जो धोका परवडला तो इथे कधी परवडणार नाही, आणि म्हणून कुणीतरी लांब बसून "आधी तपासू" म्हणत वर्षानुवर्षं कुंड्यांमधून वांग्याची रोपं वाढवली, त्यांच्यावर किडे सोडले, पानं मोजली, याबद्दल मला मनापासून कृतज्ञता वाटते. त्यांच्या वहीत 'होत नाही' एवढाच निष्कर्ष निघाला असेल, पण त्या दोन शब्दांमागे काय काय वाचलं आहे!

आपल्याकडे असा प्रसंग येऊन गेलेला आहे. गाजर गवताचा. पुण्यात 1950च्या दशकात ते पहिल्यांदा नजरेस आलं, त्याचं मूळ घर याच मेक्सिकोच्या आखाताभोवतीचं. म्हणजे मी ज्या टेक्सासात फिरत होते तिथून आमच्या बांधावर आलेलं. निंदायला जाणाऱ्या बायांचे हात त्यानं सोलवटून निघायचे, मायच्या कोपरापर्यंत चट्टे असायचे. 1983 मध्ये मेक्सिकोतून त्याचा भुंगा, झायगोग्रामा, बंगळुरूला आणला आणि पुढच्या वर्षी रानात सोडला. मग काही वर्षांनी ओरड झाली, भुंगा सूर्यफुलावर दिसतोय. गाजर गवत आणि सूर्यफूल एकाच कुळातले, तशी ही भीती रास्त होती. सोडणं थांबलं, समिती बसली. निघालं असं की सूर्यफुलाच्या पानांवर गाजर गवताचे परागकण पडलेले असले की भुंगा फसतो, एरवी त्याला सूर्यफुलात रस नाही. भुंगा निर्दोष ठरला. आज पावसाळ्याच्या तोंडावर तो जमिनीतून वर येतो, गवताची चाळणी करतो आणि थंडीत परत मातीत जाऊन झोपतो. गाजर गवत संपलेलं नाही, पण ज्या वर्षी भुंगे भरपूर असतात त्या वर्षी बांधावर चालताना जीव हलका होतो. तरी त्या मधल्या काळात, समितीचा निकाल लागेपर्यंत, सूर्यफूल लावलेल्या शेतकऱ्याची झोप कशी असेल? सोडलेला भुंगा कुणाला परत बोलावता आला नसता. हाक मारून येणारं ते जनावर नव्हे.

सूत्रकृमीला तण मारायला लावण्याचा उद्योग आणखीही झाला. मध्य आशियातलं एक निळसर-जांभळ्या फुलांचं काटक तण लसूणघासाच्या बियाण्यातून कॅनडा-अमेरिकेत आलं, रशियन नॅपवीड त्याचं तिकडचं नाव, घोड्यांच्या मेंदूला इजा करणारं. त्यासाठी 1970च्या दशकात त्याच मुलखातला, खोडापानांवर गाठी आणणारा सूत्रकृमी कॅनडात आणला गेला. तो टिकला, पण त्याचे पायच तोकडे. आपण होऊन फार लांब जाईना, आणि वसंतात ओल मिळाली तरच चाले. मला त्याच्याबद्दलही वाईट वाटतं. आपण त्याला त्याच्या घरून उचललं, कामाला लावलं, आणि मग तो सावकाश चालतो म्हणून नाराज झालो.

एक गोष्ट त्या मुलीनं जाता जाता सांगितली, ती मनात राहिली. ही रुपेरी रिंगणी तिच्या स्वतःच्या मुलखात नुसतं तण नाही. उत्तर मेक्सिकोत तिची फळं दूध फाडून चीज करायला वापरतात, तिथले आदिवासी पिढ्यानपिढ्या हे करत आले. फळ विषारी, पण बाईला माहीत असतं किती घ्यायचं आणि कशात घ्यायचं. म्हणजे आजीला जशी रिंगणी माहीत होती तशी तिकडच्या आज्यांना ही. ऑस्ट्रेलियात ते नातं पोचलं नाही, नुसती मुळं पोचली.

तर ते पान.

आता ते गालिच्यावर पडलं होतं आणि मी त्याच्याकडे बघत उभी होते. प्रयोगशाळेतली काचेची बशी डोळ्यांपुढे होती. कपाटात वर्षभर कोरडं राहिलेलं पान, आणि एका रात्रीत उठलेले ते. भावानं ते पान हातात घेतलं असतं, उलटसुलट करून बघितलं असतं, आणि त्याच्या सवयीनं विहिरीजवळ थारोळ्याच्या कडेला टाकून दिलं असतं. जूनचा महिना, पावसाळा तोंडावर, आणि पलीकडे गादीवाफ्यावर वांग्याची रोपं. कदाचित काही झालं नसतं. इतक्या उन्हात, परक्या मातीत, वेगळ्या झाडावर ते जगलेही नसते. पण जगात जी जी तणं, किडी, रोग लांबून आले, त्यांच्यासोबतही कुणीतरी असंच कौतुकानं किंवा विसरून काहीतरी आणलेलं असणार. सोबत वनस्पती, बिया आहेत का असं विमानतळावर कुणी विचारलं असतं, तर मी विचार न करता 'नाही' म्हटलं असतं.

कागदाच्या टोकानं पान उचललं. डायरीची ती दोन पानंही फाडली, त्यावर जो चुरा होता तो सांडू न देता. पातेल्यात पाणी उकळत ठेवलं आणि सगळं त्यात सोडलं. रुपेरी लव पाण्याखाली गेल्याबरोबर नाहीशी झाली, खाली साधं करडं-हिरवट पान उरलं, कुठल्याही पालेभाजीसारखं. अर्धा तास उकळलं. मुलगा घरी आला तेव्हा मी अजून गॅसपाशीच होते. "आई, हे काय करतेस?" मी सांगितलं. त्यानं पातेल्यात डोकावून बघितलं आणि काही न बोलता गॅस आणखी दहा मिनिटं चालू ठेवला.

रात्री पाऊस आला. मोठा, विजांचा, तिकडे क्वचित येतो तसा. दार उघडून उभी राहिले तर तांबड्या मातीचा वास, थेट आमच्या शेतासारखा. कॉलनीच्या टोकाला, चराच्या काठी, झुडपांच्या खोडांवरून पाणी ओघळत असेल. त्यातून ते आता वर चढत असतील, आपल्या घरात, आपल्या झाडावर.

जळगावला पोचले त्या संध्याकाळी भाऊ शेतात घेऊन गेला. गादीवाफ्यावर रोपं वीतभर झाली होती. त्यानं एक जुडी उपटली, बादलीत खंगाळली आणि त्यातलं एक रोप माझ्या तळहातावर ठेवलं. मी उजेडाकडे धरलं. पाणी मनगटावरून कोपरापर्यंत आलं. मुळं पांढरी होती, सरळ, एकही गाठ नाही.

"बघितलंस ना ताई," तो म्हणाला, आणि दुसरी जुडी उपटायला वाकला.